विसरलेला स्वेटर
दवानं भिजलेल्या लोकरीचा वास आला की माझी मान आपोआप आखडते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, निफाडच्या कडाक्याच्या थंडीत, द्राक्षबागेच्या तारेवर रात्रभर विसरलेला स्वेटर मी सकाळी अंगात घातला. अंग तापू लागलं तशी मानेवर, पाठीवर, काखेत बारीक पायांची वळवळ सुरू झाली. मी किंचाळून हात उगारला, तोच सासूबाईंनी तो धरला. “मारू नको गं! गारठून निपचित पडले व्हते, तुझ्या उबेनं उठले. वेलीचा रस पिणारे तुडतुडे हेच कोळी खात्यात.” त्यांनी एकेक कोळी उचलून वेलीवर सोडेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते. इतक्या वर्षांनी परवा तसाच बागेत रात्रभर राहिलेला स्वेटर घातला. थंडी तशीच होती. मान आखडून कितीतरी वेळ थांबले. काहीच हललं नाही. बागेत एकही कोळी उरला नव्हता, आणि त्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली.