शेवटच्या कडव्यातलं नाव

आईच्या पुण्यानुमोदनाला तिचं आवडतं गाणं म्हणायचं की नाही, यावरून आदल्या दिवशी माझं आणि धाकट्या बहिणीचं चांगलंच वाजलं. बाहेर मांडववाले बांबू रोवत होते आणि आत आम्ही दोघी कांदे चिरता चिरता एकमेकींवर ओरडत होतो. आमच्यात तेरावं नसतं. फोटोसमोर मेणबत्ती, वंदना, चार गाणी आणि मग सगळ्यांचं जेवण. बहीण म्हणत होती, आईला शब्द दिलाय, गाणं होणार. मी म्हणत होते, त्या माणसाचं गाणं माझ्या दारात नको म्हणजे नको.

तो माणूस म्हणजे आमच्या भागातला जुना शाहीर. माझे वडील होते तोवर त्याच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. कार्यक्रम करून आले की पार्टी आमच्याकडंच जेवायची, आणि आम्ही त्याला मामा म्हणायचो. आईच्या हातचा ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं तरी परत मागायचा. त्याचं ते गाणं कापूस वेचणाऱ्या बाईचं. बांधावरच्या झोळीत लेकरू रडतंय आणि ती वेचता वेचताच त्याला म्हणते, मान वर कर लेकरा, ही जमीन तुझीबी हाय. आईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. हे गाणं माझ्यावरच केलंय, असं ती छातीठोकपणे सांगायची.

बहिणीला ते गाणं मामानंच शिकवलं. तेव्हा घरात तिला सगळे मुलगा समजत होते. "गळा हाय या लेकराला," असं म्हणून त्यानं तिला जवळ बसवलं, पेटीवर सूर धरून दिला. पुढं ती कोण आहे ते आधी तिला उमगलं, मग मला, आणि आईला सगळ्यात शेवटी. आई रडली, तिनं कितीतरी दिवस अबोला धरला, आणि एकदा पालमला माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसली. म्हणाली, "बाजारातले ब्लाउज घालायलीय पोरगी, खांद्यावरनं उतरायलेत. मापाचा शिवून दे की गं तिला." मी मशीन थांबवली आणि गिऱ्हाइकांच्या देखत रडले.

बहीण आता परभणीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. मागं तिथं जयंतीच्या कार्यक्रमात मामाचं गायन होतं. ही बया माझ्याच हातचा ब्लाउज घालून, डोक्यात गजरा माळून, पुढं जाऊन बसली. मामा भेटेल, ओळखेल, काय नि काय! दोन गाण्यांच्या मधे मामानं माईक तोंडाशी घेतला आणि म्हणाला, "आता तर साड्या नेसलेले बाप्येबी हक्क मागायलेत. असल्यांना दारात उभं करू नका, लेकरं बिघडतेत." मैदान हसलं. लगेच त्यानं पेटीवर बोटं टाकली आणि तेच गाणं सुरू केलं, मान वर कर लेकरा. ती जागची उठली नाही. उठली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं ना.

तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मामाचा असा उद्धार केला की शेजारचा किराणावाला डोकावून गेला. मोबाईलमधली त्याची सगळी गाणी काढून टाकली. चार दिवसांनी काज करता करता तोंडात तेच गाणं. स्वतःचाच इतका राग आला मला! पण गाणं काय मोबाईलमध्ये असतं होय?

आई तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. बहीण म्हणाली, "आईला सांगायचं न्हाई. तिच्यापाशी दुसरं उरलंय काय?" मलाही पटलं. सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं यायची आणि आईच्या उशाशी बसून ते गाणं म्हणायची, शेवटच्या कडव्यासकट. शाहिरांची रीतच आहे, शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची. ते नाव आलं की आईचे वाकडे ओठ हलायचे. "काय माणूस हाय गं," म्हणायची. आम्ही दोघी खाली बघायचो. एकदा तिनं बहिणीचा हात धरला आणि म्हणाली, "मी गेल्यावर हेच म्हण. तूच म्हण."

म्हणून ते भांडण. शेवटी मी जरा नमतं घेतलं. म्हटलं, शेवटचं कडवं गाळ. तर म्हणते कशी, "ताई, तू गिऱ्हाइकाला एका बाहीचा ब्लाउज देतीस का?" मग असं ठरलं की कडवं म्हणायचं, पण नावाच्या जागी तिनं गप्प राहायचं, तेवढ्यापुरती नुसती ढोलकी वाजू द्यायची. त्याचं नाव काही तिच्या तोंडून येणार नाही.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर ती फोटोसमोर बसली. पांढरी साडी, तिच्यावर पांढराच ब्लाउज. काय म्हणाली हो पोरगी! जेवण वाढणारे हातातलं भांडं तसंच धरून उभे राहिले. शेवटचं कडवं आलं. नावाच्या जागी तिनं ओठ मिटले. ढोलकी चालू राहिली.

पोरगी दुःखात शब्द विसरली, असं बायांना वाटलं. आईबरोबर रानात वेचायला जाणाऱ्या त्या बाया, सगळ्यांना गाणं तोंडपाठ. बसल्या जागेवरून सगळ्यांनी मिळून त्याचं नाव घेतलं. खणखणीत. पुढं बसलेल्या मावशीनं तर मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला, "म्हण बाय, आमी हाव संगं." बहिणीनं डोळे पुसले आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून गाणं पुरं केलं. मावशीवर कुठल्या तोंडानं चिडू? मी खिरीच्या पातेल्यात डाव आपटला, तेवढंच.

जेवणं उरकून लोक गेले. आम्ही भांडी घासायला बसलो. मी म्हटलं, "बायांचं मनावर घेऊ नको. त्यांना काय ठाऊक?"

"त्यांचं न्हाई गं," ती म्हणाली. "आई असती तर तिनंबी घेतलंच असतं की त्याचं नाव. आपण तिला सांगितलंच कुठं." तिनं राखेचा हात तसाच ठेवला. "सांगायला पायजे होतं, ताई. त्यो असं बोलला म्हणल्यावर तिनं माझ्यासाठी गाणं सोडलं असतं का, तेवढंच मला बघायचं होतं."

"सोडलं असतं," मी लगेच म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पातेलं पुढं ओढून घासायला लागली.