हिरव्या नकाशातली आमची चाळ

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला, शौचालयाकडच्या टोकाला, खिळ्यांची एक ओळ आहे. प्रत्येक खिळ्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एकेका बिऱ्हाडाचा मोबाईल. पाहुण्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. त्याचे कारण सरळ आहे. जुन्या दगडी भिंती जाड आहेत आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांनी तीन बाजू अडवल्या आहेत. खोलीत फोनला नेटवर्क मिळत नाही. दोन टॉवरांच्या फटीतून ते या एका कोपऱ्यात मात्र चांगले येते. म्हणून फोन तिथे टांगायचे, आणि वाजला की जवळ असेल त्याने उचलून हाक मारायची, अशी आमची रीत. टोकाची खोली माझी असल्यामुळे बऱ्याच हाका मीच मारते. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेले. आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

गेल्या वर्षी नव्या पिढीच्या मोबाईल नेटवर्कच्या सरकारी आराखड्यासाठी मोजणी करायला दोन तरुण आले. कोणत्या इमारतीत सिग्नल पोहोचत नाही ते शोधायचे आणि तिथे आधी छोटी यंत्रे बसवायची, असा उद्देश त्यांनी सांगितला. उद्देश उत्तम होता. पण सरकारी माणूस दारात आला की चाळीला पाहुणचाराचे भरते येते. खुर्च्या निघाल्या, कोकम सरबत आले, आणि वारा लागावा म्हणून पाहुण्यांना बसवले कुठे, तर त्याच पिशव्यांच्या कोपऱ्यात! त्यांनी बसल्या जागी मोजणीचे यंत्र उघडले.

"वा, रीडिंग मस्त आहे इथे," एक जण म्हणाला.

"मग! ह्या लालबाग आसा!" पलीकडच्या खोलीतल्या मालवणी आजी अभिमानाने म्हणाल्या. जणू नातवाला पहिला नंबर मिळाला होता.

"खोलीत येऊन मोजा," मी म्हणाले. "इथले मोजून खोलीतले कसे कळेल?"

"नको बाई, इमारतीचं आलं की झालं," असे म्हणून ते सरबत संपवून उतरले.

शाळेत पर्जन्यमापक कुठे ठेवावा यावर मी एक पूर्ण तास घेत असे. तो मोकळ्या मैदानात ठेवायचा. पागोळ्यांखाली ठेवला तर गावात ढगफुटी झाल्याची नोंद होईल. सातवीतल्या मुलांना हे समजत असे.

या मोजणीची किंमत माझ्या शेजारच्या वहिनींनी दिली. त्यांच्या यजमानांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. परळच्या सरकारी रुग्णालयात नाव लावलेले होते. खाट रिकामी झाली की फोन येणार, आणि उचलला नाही तर पुढच्याला बोलावणार, असे त्यांना स्पष्ट सांगितले होते. तेव्हापासून वहिनी पिशवीवर डोळा ठेवून भाजी चिरत. पण फोनला चार्जिंग लागते, आणि प्लग खोलीत असतो. एका सकाळी त्यांनी फोन आत नेऊन लावला. चार्ज झाल्यावर पिशवीत ठेवला, तेव्हा मिस्ड कॉलचे संदेश येऊन पडले.

वहिनींनी उलट फोन लावला. पलीकडच्या बाई वाईट नव्हत्या. "अहो, दोनदा लावला. बंद येत होता. खाट दिली हो दुसऱ्यांना. आता परत फोन येईल, लक्ष ठेवा."

 वहिनींनी चार्जर भिंतीतून उपटला आणि तो हातात धरून बसल्या.

त्या आठवड्यात दादरच्या एका सभागृहात याच आराखड्यावर नागरिकांची बैठक होती. वहिनींना घेऊन मी गेले. पडद्यावर नकाशा होता: लाल म्हणजे सिग्नल नाही, हिरवा म्हणजे उत्तम. आमची चाळ कैरीसारखी हिरवीगार दिसत होती.

"ही मोजणी कुठे उभे राहून केली?" मी विचारले.

"इमारतीत," अधिकारी म्हणाले.

"इमारतीच्या कोणत्या भागात?"

त्यांनी कागद उलटसुलट केले. "तसा रकाना नाहीये, मॅडम."

"मग नकाशा कशाचा आहे? माणसं राहतात तिथला, की गॅलरीच्या एका कोपऱ्याचा?"

"मॅडम, प्राधान्य लाल इमारतींना. तुमची हिरव्यात आहे. हरकत असेल तर पोर्टलवर नोंदवा. मोबाईलवर ओटीपी येईल."

सभागृहात हशा पिकला. वहिनी उठल्या. 

"साहेब, हिरवं गॅलरीत आहे. माझ्या नवऱ्याला गॅलरीत झोपवू का?"

हशा थांबला. अधिकाऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

मला राग त्या माणसाचा नाही. त्याच्या हातात नकाशा होता आणि तो नकाशा वाचत होता. राग आहे तो एका सवयीचा. चूक दाखवून दिल्यावर पुन्हा मोजायचे सोडून रंगाकडे बोट दाखवण्याची ही सवय. फळ्यावरचे गणित चुकले आणि मुलाने उभे राहून सांगितले, तर शिक्षकाने डस्टर उचलायचे असते. ज्यांनी देशाला नवे नेटवर्क द्यायचे, त्यांना पुन्हा तीन जिने चढून एका खोलीत मोजणी करणे जड व्हावे? खोलीत मोजावे, असा अर्ज मी टपालाने पाठवला. उत्तर आलेले नाही.

तोवर माझ्या खिडकीतून वायर काढून कोपऱ्यात प्लगचा बोर्ड बांधला आहे. वहिनींचा फोन आता तिथेच चार्ज होतो, आणि दुपारी मी खुर्ची टाकून बसते.

परवा तो वाजला. मी पोहोचण्याआधी आजींनी पिशवीत हात घातला होता. "गो, धाव! तुझोच वाजता हा!" वहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या. मनगटाने फोन कानाशी दाबला. 

मग त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. ध्वनिमुद्रित गोड आवाज अभिनंदन करत होता. नव्या पिढीचे वेगवान नेटवर्क आता आपल्या विभागात आले आहे.

"कोणाचा गं?" आतून त्यांच्या यजमानांनी विचारले.

"कोणाचा नाही," वहिनी म्हणाल्या. फोनला लागलेली कणीक पदराने पुसली, आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला.