लक्ष्म्या बसल्या होत्या आणि भीमेला पाणी आलं

परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. मी पुरणाची डाळ शिजायला टाकली आणि पंचायतीतून फोन आला... वरच्या धरणातून पाणी सोडलंय, संध्याकाळपर्यंत आपल्याकडे पोचेल, नदीकडच्या गल्ल्या रिकाम्या करा.

अफजलपूर तालुक्यातलं भीमेच्या काठावरचं आमचं गाव, आणि मी इथली आशा कार्यकर्ती. लस असो, ताप असो, पूर असो... दारोदार फिरायचं काम आपल्याच गळ्यात. डाळ सासूबाईंच्या हवाली केली आणि निघाले. नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवत नाही, त्यामुळे पोटात नुसता चहा.

माणसांना घराबाहेर काढणं किती अवघड असतं ते काढणाऱ्यालाच कळतं. एक अण्णा म्हणाले, मागच्या पुरात पायरीपर्यंत आलं होतं, यंदाही तेवढंच येईल. जणू पाण्यानं त्यांना तसा शब्द दिलाय! कुणाला म्हशींची काळजी, कुणाला टीव्हीची. मराठीत समजावलं, कन्नडमध्ये समजावलं, शेवटी दोन्ही भाषांत भांडले. शेजारच्या गल्लीतल्या चाची तेवढ्या न सांगता कोंबड्या टोपलीत घालून ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं मला.

दुपारपर्यंत बाकीच्या गल्ल्या कशाबशा माळावरच्या शाळेत गेल्या. राहिली आमचीच गल्ली, नदीला सगळ्यात जवळची. तिथे बायका एकच म्हणायच्या, "तुमच्या आत्याबाई निघाल्या की आमी बी निघताव."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गल्लीत त्यांचा शब्द चालतो... आणि घरात तर चालतोच चालतो.

घरी आले तर लक्ष्म्या नटून उभ्या, समई लावलेली, सोळा भाज्या तयार. आत्याबाई पोळ्या लाटत होत्या. मी म्हणाले, आत्याबाई चला, नदीकडचा रस्ता बुडाला, ट्रॅक्टरचा शेवटचा फेरा आहे.

"कामून? लक्ष्म्या बसल्यात, दिसंना व्हय तुला? उद्या हलवायच्या, मग बघू."

मी घाबरवून पाहिलं, हात जोडून पाहिलं. नवरा सोलापूरला कामाला, सणाला सुट्टी मिळाली नव्हती... त्याला फोन लावून दिला. त्यांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

"माहेरी आलेल्या लेकी हाईत त्या," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी घराबाहेर काढायलीस लेकीला?"

दारात गल्लीतल्या चारपाच बायका येऊन थांबल्या होत्या. त्यांच्याही घरी लक्ष्म्या बसलेल्या. ह्या हलल्या नाहीत तर त्याही हलणार नव्हत्या, आणि रात्री या गल्लीत पाणी शिरलं असतं तर... मला पुढचा विचारच करवेना.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. खरं सांगते, पुराच्या भीतीनं नाही... दमल्यामुळे. दिवसभर गोड बोलून बोलून माझ्यातलं बोलणंच संपलं होतं.

"मग मी बी इथंच बसते," मी म्हणाले. "मी बी कुनाची तरी लेकच हाय, आत्याबाई. सकाळपासनं पोटात कण न्हाई. पाय उचलंनात आता माझे."

त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. गॅस बंद केला, हात धुतले. लक्ष्म्यांना हळदीकुंकू लावलं, तांदूळ वाहिले, हात जोडून पुटपुटत काहीतरी सांगितलं. मग थोरलीचा मुखवटा अलगद काढला आणि माझ्या पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला. धाकटी स्वतःकडे घेतली.

दारातल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "काय बघायलाव? आपापल्या लेकी उचला."

सगळी गल्ली ट्रॉलीत चढली. बायकांच्या मांडीवर लक्ष्म्या, पायाशी पुरणाचे डबे. कुणी कागदपत्रं घेतली नव्हती, पण करंज्या मात्र एकूण एक आल्या होत्या. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

शाळेत बाकं जोडून सगळ्या घरच्या लक्ष्म्या ओळीनं मांडल्या. कुणीतरी समई लावली. मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटत होते.

आत्याबाईंनी आमचा डबा उघडला आणि ताट वाढलं... पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. बायका आरतीसाठी उठल्या. आत्याबाई ताट घेऊन सरळ बाहेर आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि पोळीचा तुकडा माझ्या तोंडासमोर धरला.

मी म्हणाले, "नैवेद्य व्हायचाय अजून..."

"त्या बसूनच हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "फिरायलीस तू. खा आदी."

रात्री आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं. काल दिवसभर गाळ काढला, आजही काढतेय, कंबर जाग्यावर नाही. गाद्या गेल्या, वर्षाचे गहू भिजले, पण गल्लीतलं एकही माणूस कमी नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून लक्ष्म्यांच्या आधी इथे कुणी जेवलेलं मी पाहिलं नाही. परवा मी जेवले... आणि वाढलं आत्याबाईंनी.