ओढ्याच्या पाण्याला दाखला

पर्यावरण हा शब्द आमच्या कारखान्यात आला तेव्हा मॅनेजरसाहेबांना तो नीट म्हणताही येत नव्हता. ते 'पर्यावर्ण' म्हणायचे, आणि म्हणताना चेहरा असा करायचे की समोर सत्यनारायण मांडला असावा. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मलेशियाहून बोटीने आणि पुढे टँकरने कोल्हापूरला आलेलं पामतेल आम्ही शुद्ध करून त्याचं वनस्पती तूप करायचो. तेल सोड्याने धुतलं की ते शुद्ध व्हायचं आणि धुतलेलं फेसाळ, ओशट पाणी मागच्या ओढ्यात जायचं. मी तिथे केमिस्ट. तेलात काय आहे ते बघायचा पगार मला मिळे, ओढ्यात काय आहे ते बघायचा नाही.

बाकी कंपनीचं पर्यावर्ण झकास होतं. गेटपासून कँटीनपर्यंत गुलमोहर, कुंपणाला हिरवा रंग आणि कॅलेंडरवर हरीण. ते हरीण आमच्या ओढ्यावर कधी पाणी प्यायलं नसावं, चांगलं टवटवीत दिसत होतं.

एकदा पाणी तपासणारे सरकारी साहेब आले. आता कोल्हापुरात आलेल्या पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा न वाढता ओढ्याकडे न्यायचं म्हणजे त्याचा केवढा अपमान! साहेब पाटावर बसले आणि मॅनेजरांनी बाटली माझ्या हातात दिली.

"विहिरीचं भरून आण."

"साहेब, ओढ्याचं मागितलंय."

"अरे, विहीर ओढ्याच्या काठालाच हाय न्हवं? झरा एकच की! मग पाणी ओढ्याचंच."

विहीर कारखान्याच्या वरच्या अंगाला होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी बाटली भरली. चिठ्ठीवर 'ओढ्याचे पाणी' असं लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून वळणदार आहे.

गंमत बघा. याच गावात संध्याकाळी म्हैस चौकात आणतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. दुधात पाणी नाही याची खात्री पटल्याशिवाय आम्ही ग्लास तोंडाला लावत नाही. आणि आख्खा ओढा मात्र जेवणाच्या ताटाशेजारी, बाटलीतून पास झाला.

कॉलेजपासून मी ज्यांच्या म्हशीचं दूध प्यायचो ते मामा ओढ्याच्या खालच्या अंगाला राहायचे. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांची म्हैस दिवसभर त्याच ओढ्यात डुंबायची, तेच पाणी प्यायची. दुधाला वास यायला लागला. गिऱ्हाइकं एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवायची आणि पलीकडच्या म्हशीकडे जायची. मामांचं घर त्या एका म्हशीवर चालायचं.

एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सायब, पाण्यात कायतरी हाय का वो? तुमच्यात तपासनी झाली म्हनं."

"झाली."

"काय निघालं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण माझं लग्न ठरलं होतं, नोकरी नवी होती, वगैरे. भित्र्या माणसाकडे कारणांचा तुटवडा कधी नसतो. "पाणी चांगलं आहे असा दाखला आलाय, मामा," मी म्हणालो.

त्यांनी म्हशीकडे बघितलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग हिच्यातच खोट हाय म्हनायची," ते हळूच म्हणाले. तिच्यावर पोरीसारखी माया होती त्यांची. खरं काय ते मी दुधाच्या घोटाबरोबर गिळलं. आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या बाजाराला त्यांनी ती विकायची ठरवली. आदल्या दिवशी मला गाठून म्हणाले, "सायब, तुमी शिकल्यालं मानूस, तपासनीतलं. दुसरी म्हस घ्यायचीय. ही फसली, आता फसाय नको. संगं येता न्हवं?"

मी गेलो. पाच-सहा म्हशींचे दात बघितले, सड बघितले, आणि त्यातल्या एकीवर हात ठेवून म्हणालो, "ही घ्या, मामा."