फिरती तबकडी आणि वेंकोबराव

मद्रासच्या कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी वेंकोबरावांनी माझं नाव विचारायच्या आधी अंबाड्यातले आकडे काढायला लावले. घड्याळ, किल्ल्या, सेफ्टी पिना... "अस्कं बाहेर ठेवा, बाई. लोखंड आत येणार नाही." अस्कं म्हणजे सगळं. तंजावरी मराठीतला पहिला शब्द मी असा विस्कटलेल्या केसांनी शिकले.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख आणि एकाच प्रयोगाने झपाटलेले. तबकडीला विद्युतभार देऊन ती गरगर फिरवली, की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पुस्तकात आहेच ते, पण यांना डोळ्यांनी बघायचं होतं. शेजारी टांगलेली चुंबकसुई केसभर हलली, की तिच्या आरशातून पट्टीवर पडलेला उजेडाचा ठिपका सरकणार. पण मद्रासची दमट हवा भार टिकू देईना, आणि निवृत्तीला उरला होता एक महिना.

एका कोरड्या सकाळी ते भार द्यायला वाकले आणि ठिपका चक्क दोन घरं सरकला. मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "उलट करून बघू द्या की. भार उलटा, तर ठिपका पण उलटा जायला पाहिजे." ऋण भार दिला. ठिपका पुन्हा त्याच बाजूला. दहादा तेच.

घाम पुसायला त्यांनी शर्टाची बटणं सोडली तेव्हा मला दिसलं, जानव्याला कपाटाची लोखंडी किल्ली. तिकडच्या पुरुषांची ती रीतच. ते वाकले की किल्ली सुईजवळ जायची. माझ्या आकड्यांचा सूड घ्यायची संधी होती, पण त्यांच्याकडे बघून बोलवेना. नुसतं बोट दाखवलं.

किल्ली बाहेर गेली आणि ठिपका ढिम्म. "दोन घरंच लिहा सर, कोण बघतंय?" मी म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'हललं नाही. किल्ली माझी होती.' सही केली आणि महिनाअखेरीस वही घेऊन घरी गेले. मला फार वाईट वाटलं.

चार वर्षांनी, जास्त वेगाची मोटार लावल्यावर, ठिपका खरंच अर्धं घर हलला. भार उलटवल्यावर उलटा. मी तशीच टी. नगरला त्यांच्या घरी धावले. ते अंथरुणाला खिळले होते.

"उलट करून पाहिलात?"

"हो, सर."

"आकडे?"

मी पाठीवर सुटलेले केस दाखवले. बसमध्ये लोक का बघत होते ते तेव्हा कळलं. त्यांनी उशाखालची वही माझ्यापुढे सरकवली.

"तुम्हीच लिहा, बाई. सही पण तुमची. मी नव्हतो तिथं," आणि जानवं चाचपत हसले, "म्हणून तर हललं."