काकूची खरवडलेली अक्षरं

निपाणीच्या माणसांना माझ्या थोरल्या काकूइतके धक्के कुणीच दिले नसतील, आणि तेही नुसत्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदांनी. सत्तरच्या दशकात अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, वारले आणि छापखाना तिच्या अंगावर पडला. पुढं त्यांच्या वेळची मोठी लाकडी अक्षरं वाळवीनं खाल्ली, म्हणून तिनं नवा संच मागवला. पार्सल फोडलं, एकेक अक्षर उजेडात धरून पाहिलं, आणि कानस घेऊन ती कोरी करकरीत अक्षरं खरवडायला बसली. कुठं कड तासली, कुठं मधेच चीर पाडली. अक्षरं जुळवणारे आप्पा डोक्याला हात लावून खालीच बसले. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "गुळगुळीत अक्षरावरनं डोळा घसरतोय रं." कुस्त्यांच्या जाहिरातीला ती अक्षरं शोभायची, आखाड्यात चार डाव खेळूनच कागदावर आल्यासारखी दिसायची. भुताच्या नाटकालाही चालून गेली. पण तिनं पेढ्यांची जाहिरात त्याच अक्षरांत काढली, तेव्हा गिऱ्हाईकं पेढे कधीचे आहेत असं विचारू लागली. दुकानदार हबकून धावत आला. काकूनं शांतपणे सांगितलं, विचारायला तरी आली न्हवं?

मग माझ्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच काकूनं छापल्या. त्यावरचा 'शुभविवाह' पडक्या भिंतीखालून ओढून काढल्यासारखा उमटला होता. वडिलांनी तो पाहिला तोवर निम्म्या पत्रिका टपालात पडल्या होत्या. आमच्याकडं मयताचं पत्र घरात नेत नाहीत. बाहेरच वाचून फाडतात आणि अंघोळ करतात. काकतीच्या मामांनी वरची अक्षरं बघितली, खालचं न वाचताच कागद उंबऱ्याबाहेर फाडला, अंगावर पाणी घेतलं आणि मामीला घेऊन मिळेल ती एसटी पकडली. मामीनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. दारात मांडवाचे बांबू दिसले आणि तिचा सूर मधेच तुटला. मामांनी घाबरत विचारलं, "मग गेलं कोण?"

वडिलांनी काकूला सुनावलं, की वैनी, तुमची छपाई या घरात पुन्हा नको. उरलेल्या पत्रिका मी बेळगावहून आणतो. ती छापखान्यात निघून गेली. सुमन आणि मी मागोमाग गेलो. असं का करतीस गं, म्हणून सुमननं विचारलं. काकू हातातलं अक्षर पुसत राहिली. मग म्हणाली, "ते गेले, तवा त्यांची अक्षरं तरी होती. मग तीबी गेली. ही नवी लई परकी वाटाय लागली गं. त्यांची अशीच झिजलेली, फुटकी होती. छापल्यावर तरी त्यांच्यावाणी दिसावं, एवढंच."

सुमननं घरी येऊन हे सांगितलं. वडील ऐकून हादरले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते तसेच उठून छापखान्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "वैनी, मांडवाच्या दाराशी लावायला एक मोठा कागद काढा."

"कुठल्या अक्षरांत?"

"अण्णाच्या."

लग्नाच्या दिवशी चिकोडीचं वऱ्हाड त्या कागदापाशी दचकून थांबलं. आम्ही कुणाला काही समजावलं नाही. वऱ्हाड आत गेलं, सनई सुरू झाली, आणि वडील मात्र बराच वेळ तिथंच उभे होते.