म्हातारीच्या मागच्या सीटवर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली पश्चिम किनाऱ्यावरच्या एका नौदल हवाई तळावर झाली. तळाचं नाव लिहीत नाही. माझी पेन्शन चालू आहे आणि ती तशीच चालू राहावी अशी घरच्यांची इच्छा आहे. हुद्दा पेटी ऑफिसर, काम एअर मेकॅनिकचं. गाव जामसर, तालुका जव्हार. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. सुट्टीवर आलो की लोक विचारायचे, "बोटीवर उलट्या होतात का हो?" नौदलाकडं विमानंही असतात हे आमच्याकडं सांगून पटत नाही. अजूनही पटत नाही.

हजर झालो त्याच आठवड्यात एअर इंजिनिअरिंगच्या कमांडर साहेबांनी मला हँगरमागच्या शेडमध्ये नेलं. तिथं एक जुनं विमान उभं होतं. एक इंजिन, दोन सीटा, दुमडणारे पंख. कधीकाळी ते जहाजाच्या डेकवरून उडायचं. आता इंजिनात साळुंक्यांची घरटी होती.

"हे उडवायचंय," साहेब म्हणाले. "नौदल दिनाच्या शोमध्ये. लोकांना आपला वारसा दिसला पाहिजे."

"येस सर," मी म्हणालो. नोकरीत दुसरं उत्तर नसतं.

मला जी माणसं दिली, त्यात लीडिंग एअर मेकॅनिक नवसू भोये होता. गाव पोशेरा, तालुका मोखाडा. जामसर आणि पोशेरा यांच्यात डोंगर आहेत, पण एवढ्या लांब भेटल्यावर आम्ही सख्ख्या शेजाऱ्यांसारखे झालो. चारचौघांत तो मला "पीओ साब" म्हणायचा, एकटे असलो की "दादा". विमानाला त्यानं पहिल्याच दिवशी नाव दिलं, म्हातारी.

पुढची दोनेक वर्षं आम्ही म्हातारीची सेवा केली. सकाळी फॉलइन, मग नेहमीची विमानं, आणि दुपारनंतर म्हातारी. गंजलेले रिव्हेट काढायचे, नवे ठोकायचे. शेपटीच्या सुकाणूवर पत्रा नसून कापड होतं. ते नवसूनं हातानं शिवलं, वर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे, थर दिले, प्रत्येक थर वाळेपर्यंत कुणाला शेडचं दार उघडू दिलं नाही. त्याच्या घरी बोहाड्याच्या सोंगाचा मान होता. बाप मुखवटा बांधून नाचायचा, आणि उत्सवाआधी मुखवटा रंगवण्याचं काम नवसूकडं असायचं. तो हात म्हातारीवरही तसाच फिरायचा. मी एकदा चिडवलं, "नवसू, हिला ओवाळतोस का काय?"

"ओवाळायला काय जातंय दादा," तो म्हणाला. "सोंग नीट बांधला नाय तर नाचणाऱ्याच्या अंगावर येतो."

पहिल्या उड्डाणाला त्याला मागच्या सीटवर बसवलं. आमच्याकडं रीतच होती, दुरुस्ती करणाऱ्यानं पहिल्यांदा सोबत जायचं. म्हणजे काम चोख होतं. पायलट होते लेफ्टनंट कमांडर डिकुन्हा. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. उतरल्यावर त्यांनी नवसूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "युवर ओल्ड लेडी इज फाइन." नवसू दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरत होता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीवरून परतताना मी नवसूच्या वडिलांना सोबत आणलं. जानूबाबा. पोशेऱ्याहून जीपनं मोखाड्याला, मग एसटी, मग रेल्वे. म्हाताऱ्यानं धोतर नवं घेतलं होतं. पोराचं विमान बघायचं होतं, शोपर्यंत राहायचं ठरलं होतं. शेडमध्ये येऊन त्यांनी म्हातारीभोवती एक फेरी मारली.

"हा इमान कवाचा हाय?"

"तुमच्या लग्नाच्या वेळचं असेल, बाबा."

"मंग याला आता कशाला उडवतास? म्हातारा बैल आमी नांगराला जुपत नाय."

आम्ही हसलो. नवसू सगळ्यात जास्त हसला.

हसण्याचे दिवस तेवढेच होते. शोच्या आठवड्यात इंजिनाच्या इंधनपंपानं दगा दिला. पूर्ण जोर दिला की दाब पडायचा. सुटा भाग परदेशातून यायचा होता. मागच्या सीटजवळ एक हातपंप होता, जुन्या काळचा, इंजिन सुरू करताना वापरायचा. तो सतत मारत राहिलं तर दाब टिकत होता. मी कमांडर साहेबांना सांगितलं, "सर, विमान शोसाठी फिट नाही."

"हातपंपावर दाब टिकतो ना?"

"टिकतो सर. माणूस टिकला तर."

"पेटी ऑफिसर, पाहुणे दिल्लीहून निघालेत."

मी पुन्हा म्हणालो, फिट नाही. ते म्हणाले, "नोटेड." बस्स. वर बसून हुकूम सोडणं सोपं असतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काटा लागत नाही.

ठरलं असं. मागच्या सीटवर मेकॅनिक बसेल आणि पंप मारेल. गर्दीसमोरून दोन फेऱ्या, की उतरायचं. मेकॅनिक म्हणून नवसूचंच नाव निघालं, कारण सगळ्यांत ताकदवान तोच. मी त्याला बाजूला घेतलं.

"नको म्हण. तुझ्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही."

"काय नाय होत दादा. विहिरीतनं पाणी शेंदून वाढलोय मी. पंपच मारायचाय." मग म्हणाला, "बा आलाय ना."

बाप एवढ्या लांबून आलाय आणि पोरगं म्हातारीत नाही, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

शो किनाऱ्यावर होता. वाळूत मांडव, पुढं पाहुण्यांचे सोफे, मागं कुटुंबांसाठी खुर्च्या, त्यापलीकडं अख्खं शहर लोटलेलं. जानूबाबा कुटुंबांच्या पहिल्या रांगेत होते. मी ग्राउंड क्रूसोबत रेडिओच्या सेटजवळ होतो. बोलणं इंग्रजीत चालायचं, इथं मराठीत देतो.

१६३० वाजता म्हातारी आली. पहिली फेरी झकास. लाउडस्पीकरवरचा निवेदक तिची सगळी कुंडली सांगत होता. दुसऱ्या फेरीला तिनं पंख हलवून सलामी दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सोफ्यांवर कुणीतरी मान वळवून काहीतरी बोललं, ते कानगोष्टीसारखं माणसामाणसांतून पुढं गेलं, आणि कंट्रोलचा आवाज आला.

"आणखी एक फेरी घ्या. पाहुण्यांची इच्छा आहे."

डिकुन्हा साहेब म्हणाले, "दोनच ठरल्या होत्या. माझा मागचा माणूस थकलाय."

"एकच. रिक्वेस्ट वरून आहे."

मग, "रॉजर."

नाटकाला वन्स मोअर मिळतो तसा आमच्या म्हातारीला मिळाला. नाटकातला नट निदान जमिनीवर उभा असतो.

तिसऱ्या फेरीत ती वळून गर्दीकडं आली आणि इंजिन खोकलं. मला कळलं. आमच्या सगळ्या क्रूला कळलं. रेडिओवर डिकुन्हा साहेबांचा आवाज आला, चढलेला नव्हता. "दाब गेला. इंजिन बंद. डावीकडं लोक आहेत, मी पाण्याकडं नेतो." आणि मग, "मागचा अजून पंप मारतोय."

तेच शेवटचं वाक्य.

निवेदकाच्या हातात कागद होता, कानात रेडिओ नव्हता. म्हातारी खाली खाली आली, तसा तो रंगात आला. "और अब देखिए, समंदर की लहरों को छूता हुआ..." तिनं पाण्याला पोट टेकवलं, पंख लाटेत अडकला, ती उलटली. पांढऱ्या पाण्याचा मोठा फवारा उडाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या आल्या. हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि आम्ही किनाऱ्याकडं पळत होतो. बचावाची बोट होती. ती पाहुण्यांच्या लाँचमागं उभी केली होती, फोटोत येऊ नये म्हणून.

टाळ्या हळूहळू विरल्या. विमान वर येत नाही हे लोकांना कळायला वेळ लागला. पळताना मी मागं बघितलं. कुटुंबांच्या पहिल्या रांगेत सगळ्यांचे हात थांबले होते. जानूबाबा अजून वाजवत होते. त्यांना वाटत होतं पोरगं पाण्यातून वर काढेल विमान.

दोघांनाही अंधार पडायच्या आत बाहेर काढलं. दोघंही गेले होते. पट्टे बांधलेले होते. नवसूचा उजवा हात पंपाच्या हँडलवरच होता, बोटं सोडवावी लागली. ती मी सोडवली.

सुटा पंप पुढच्या महिन्यात आला. वरातीमागून घोडं. पॅकिंगही कुणी फोडलं नाही.

नवसूला मीच पोशेऱ्याला नेलं. मोखाड्यापर्यंत ट्रक, पुढं वाट खराब म्हणून जीप. सोबत बिगुल आणि चार जवान. अख्खा पाडा गोळा झाला होता. झेंडा घडी करून जानूबाबांच्या हातात दिला, तर त्यांनी तो घेतला नाही. हात मागं बांधले.

"या हातानी मी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "सगळी वाजवत व्हती. मना वाटला, असाच असतो."

झेंडा आईनं घेतला.

डिकुन्हा साहेबांच्या नावाची ढाल तळावर आहे, त्याचा मला आनंदच आहे. त्या माणसानं गर्दी वाचवली. नवसूचं नाव कुठंच नाही. काही वर्षांनी मोखाड्याला शहिदांची शिळा बसवायचं ठरलं. मी जामसरहून जाऊन समितीला भेटलो. एकदा नाही, अनेकदा. चहा चांगला मिळायचा. शेवटी एकजण मोकळेपणानं बोलला.

"साहेब, वाईट वाटतं. पण तो काही बॉर्डरवर गेला नाही. शोमध्ये गेला."

मी म्हणालो, "हुकमावर गेला." ते म्हणाले, "प्रात्यक्षिकात." सरकारी शब्द. शब्द एकदा बदलला की माणूस शिळेवरून उतरतो. आमच्या बोहाड्यात रात्र रात्र सोंगं नाचतात. नाचणाऱ्याचा दम गेला की पाठीमागचा त्याला धरतो, मुखवटा सोडवतो, पाणी पाजतो. आणखी एक फेरी घे म्हणून कुणी सोफ्यावरून सांगत नाही. त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांत मला परत जायचं होतं, म्हणून मुदत संपताच मी नोकरी वाढवली नव्हती.

मागं पोशेऱ्याच्या आश्रमशाळेनं सव्वीस जानेवारीला मला भाषणाला बोलावलं. बॉर्डरच्या गोष्टी सांगा म्हणाले. मी बॉर्डरवर कधी गेलोच नव्हतो. मी म्हातारीची गोष्ट सांगितली, इथं सांगितली तशीच. जानूबाबा झेंड्याच्या खांबाजवळ जमिनीवर बसले होते. आता कानानं कमी ऐकतात, पण नवसूचं नाव आलं की मान वर व्हायची.

मी थांबलो. मुख्याध्यापक भला माणूस, उठून म्हणाले, "मुलांनो, शहीद नवसूदादांसाठी जोरदार..."

पोरांचे हात वर झाले. जानूबाबा काठी टेकून उभे राहिले.

"थांबा रं," ते म्हणाले. "टाळ्या नको वाजवा. आदी बघा, तो खाली उतरला का."

दोनतीन लहान पोरांनी खरंच वर बघितलं. जानूबाबाही बघत राहिले, आणि मग मीही बघितलं.

लीडिंग एअर मेकॅनिक नवसू जानू भोये, मुक्काम पोशेरा. शिळेवर नाही, म्हणून इथं लिहिलं.